टॉरपरमध्ये हृदय मंदावतं ते नेमकं कोणत्या संप्रेरकामुळे?

टॉरपर म्हणजे चयापचय आणि तापमान खाली आणून प्राण्याने पत्करलेली निष्क्रिय अवस्था; शीतनिद्रा ही अशा अनेक लांब टॉरपरची साखळी. प्रश्न असा आहे: हिवाळ्यात निष्क्रिय होणाऱ्या खारीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशे-तीनशेवरून पाच-सहावर येतात. हे कोणतं संप्रेरक घडवून आणतं? रक्तातलं ॲड्रेनलिन कमी होतं म्हणून ठोके कमी होतात, एवढंच त्यामागे आहे का? आणि ते संप्रेरक टोचून माणसाचं हृदयही तसंच मंद करता येईल का?

बरीच वर्षं मी लहान सस्तन प्राण्यांच्या शरीरात बसवलेल्या ट्रान्समीटरवरून हृदयाच्या आणि तापमानाच्या नोंदी घेतल्या आहेत. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. असं एकच संप्रेरक नाही. हृदयाचा लगाम मज्जातंतूंच्या हातात असतो. आज लगाम खेचायची मुभा आहे की नाही, आणि खेचला तर हृदय ते सोसेल की नाही, हे संप्रेरकं ठरवतात. ही दोन कामं वेगळी आहेत. पाठ्यपुस्तकांत ती एकाच परिच्छेदात कोंबलेली असतात आणि सगळा गोंधळ तिथूनच होतो.

संप्रेरकांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘शरीर थंड पडतं म्हणून हृदय मंदावतं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की विद्यार्थी ते प्रश्न न विचारता गिळतात. हिशेब करून पाहा. तापमान १० अंशांनी उतरलं की बहुतेक जैविक क्रियांचा वेग निम्मा होतो, फार तर अडीच पटींनी घटतो. खारीचं शरीर ३७ अंशांवरून ५ अंशांवर आलं म्हणजे ३२ अंश उतरलं. सुरुवातीला ३०० ठोके असतील तर निम्म्याच्या हिशेबाने ३३ उरायला हवेत आणि अडीचपटीच्या हिशेबाने १६. प्रत्यक्षात तेरा पट्ट्यांच्या ग्राउंड स्क्विरलमध्ये, म्हणजे जमिनीत बिळं करून राहणाऱ्या उत्तर अमेरिकी खारीत, खोल टॉरपरमध्ये ३ ते १० ठोके मोजले जातात. मधली तफावत थंडीच्या खात्यावर टाकता येत नाही.

क्रम पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. टॉरपरमध्ये शिरताना आधी ठोके आणि श्वास कमी होतात, त्याबरोबर ऑक्सिजनचा वापर घसरतो, आणि शरीराचं तापमान त्यांच्या मागून उतरतं. शरीर जेमतेम दोन-तीन अंशांनी थंड झालेलं असताना हृदयगती निम्म्यावर आलेली असते. म्हणजे हृदय मंदावणं हे थंड होण्याच्या आधीचं पाऊल आहे.

अस्वल तर याचा चालता-बोलता पुरावा आहे. खरं तर झोपलेला पुरावा. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवरचं काम २०११ साली प्रसिद्ध झालं. हिवाळाभर त्यांच्या शरीराचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान हेलकावे खात होतं, म्हणजे ती काही गारठली नव्हती. तरी त्यांचा चयापचय विश्रांतीतल्या दराच्या चौथाईवर आला होता आणि हृदयगती मिनिटाला ५५ वरून १४ वर. दोन श्वासांच्या मध्ये हृदय लांबलचक थांबायचं, श्वास आला की चार-दोन ठोके भराभर पडायचे, पुन्हा शांतता. वसंतात ती बिळाबाहेर आली, तापमान पूर्वपदावर आलं, तरी चयापचय आणखी दोन-तीन आठवडे निम्म्याच्या आसपासच राहिला.

ही श्वासाशी बांधलेली थांबाथांबी ज्याने ईसीजी वाचला आहे तो लगेच ओळखतो. हे व्हेगस मज्जातंतूचं काम आहे. परानुकंपी, म्हणजे विसाव्याच्या, चेतासंस्थेची ही मुख्य तार मेंदूच्या तळातून निघून हृदयापर्यंत येते आणि तिथे ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडते. ॲसिटिलकोलीन हृदयाच्या स्वयंगतिकारक, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणाऱ्या, पेशींना शांत करतं. अनुकंपी संस्था, म्हणजे धावपळीची संस्था, त्याच वेळी हृदयावरचा हात काढून घेते. जुंगेरियन हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी रोज काही तासांच्या टॉरपरमध्ये जातो. त्याच्या नोंदी मी पहिल्यांदा घेत होतो तेव्हा पडद्यावर दोन-तीन सेकंदांची सपाट रेघ दिसली. ट्रान्समीटरची बॅटरी संपली असं समजून मी नोंदच बंद केली. सकाळी पिंजऱ्यात हॅमस्टर ठणठणीत होता आणि मी मात्र महिनाभर वाट पाहिलेल्या टॉरपरमधल्या प्रवेशाची नोंद स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. ती सपाट रेघ म्हणजेच व्हेगस होता. ॲट्रोपीन दिलं, म्हणजे ॲसिटिलकोलीनची वाट अडवली, की या वेळच्या थांबण्या नाहीशा होतात आणि ठोके पुन्हा एकसारखे पडू लागतात.

खोल टॉरपरमध्ये चित्र बदलतं. तिथे ठोके संथ पण बरेचसे एकसारखे असतात, कारण आता स्वयंगतिकारक पेशीच गारठलेल्या असतात आणि थंडीचा खरा हिस्सा इथे सुरू होतो. या टप्प्यावर व्हेगसचा जोर किती उरतो यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि प्राण्यागणिक उत्तरही बदलतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, ॲड्रेनलिनकडे. त्याचा जुळा भाऊ नॉरॲड्रेनलिन हा इथला खरा नायक आहे. अधिवृक्क ग्रंथी दोन्ही रक्तात सोडते, पण नॉरॲड्रेनलिनचा मोठा भाग अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून थेट अवयवांवर पडतो. म्हणून ते एकाच वेळी संप्रेरकही आहे आणि मज्जातंतूंचा निरोप्याही. ‘टॉरपरमध्ये नॉरॲड्रेनलिन कमी होतं, जाग येताना वाढतं’ ही कथा सोपी आणि पटण्यासारखी आहे, पण अर्धीच खरी आहे.

प्रयोगशाळेतला साधा उंदीर थंड खोलीत उपाशी ठेवला की काही तासांत टॉरपरमध्ये जातो. मिनिटाला सहाशेच्या आसपास असलेले ठोके दीडशे-दोनशेपर्यंत येतात. काही उंदरांमध्ये डोपामाइनपासून नॉरॲड्रेनलिन बनवणारं एन्झाइमच जनुकीय बदलाने काढून टाकलेलं असतं. त्यांच्या शरीरात नॉरॲड्रेनलिनही नाही आणि ॲड्रेनलिनही नाही. सोप्या कथेप्रमाणे हे उंदीर टॉरपरमध्ये धाडकन जायला हवेत, कारण हृदयाला पळवणारं काही उरलेलंच नाही. प्रत्यक्षात ते उपाशी राहूनही टॉरपरमध्ये जातच नाहीत! अमेरिकेतल्या स्वोप यांच्या गटाने २००६ साली हे दाखवलं तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांनी कपाळाला हात लावला असणार. मी तरी लावला.

उलगडा दोन वर्षांनी झाला आणि तो मला आजही फार देखणा वाटतो. पांढऱ्या चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. मेंदूसाठी तो साठ्याचा हिशेब असतो. लेप्टिन भरपूर म्हणजे कोठार भरलेलं, काटकसरीची गरज नाही. उपास पडला की मेंदू अनुकंपी तारांमधून पांढऱ्या चरबीवर नॉरॲड्रेनलिन सोडतो, ते तिथल्या बीटा-३ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, काम करतं आणि लेप्टिन खाली येतं. लेप्टिन पडलं की टॉरपरचं दार उघडतं. नॉरॲड्रेनलिन नसलेल्या उंदरांत उपासातही लेप्टिन उतरत नव्हतं, म्हणून दार बंदच राहत होतं. मग संशोधकांनी नॉरॲड्रेनलिनही नाही आणि लेप्टिनही नाही असे उंदीर तयार केले. ते उपासात बिनदिक्कत टॉरपरमध्ये गेले. पण बाहेर येताना अडकले. जाग येण्याची त्यांची गती फारच रेंगाळली, कारण तपकिरी, म्हणजे उष्णता निर्माण करणारी, चरबी पेटवायला नॉरॲड्रेनलिन लागतं आणि ते तर नव्हतंच. साध्या उंदरांना टॉरपरच्या मध्यावर बीटा-३ रोखणारं औषध दिलं तरी तेच झालं.

म्हणजे आत जायला नॉरॲड्रेनलिन हवं आणि बाहेर यायलाही हवं, पण वेगवेगळ्या पत्त्यांवर. जुंगेरियन हॅमस्टरमध्येही अनुकंपी तारांची टोकं रसायनाने निकामी केली की टॉरपर दिसेनासं होतं. यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अनुकंपी संस्था म्हणजे घरातला एकच नळ नव्हे, की उघडला तर सगळीकडे पाणी आणि बंद केला तर सगळीकडे कोरडं. हृदयाकडची तार शांत असताना चरबीकडची तार कामात असू शकते. रक्तातलं एकूण नॉरॲड्रेनलिन मोजून ‘अनुकंपी जोर वाढला की कमी झाला’ असं सांगणारे निबंध मी याच कारणाने जरा सावधपणे वाचतो.

भुकेची बाकीची संप्रेरकं याच रांगेत बसतात. रिकाम्या जठरातून येणारं घ्रेलिन उपाशी उंदराचं टॉरपर अधिक खोल करतं, आणि ते मेंदूतल्या भुकेचा हिशेब ठेवणाऱ्या आर्क्युएट केंद्रामार्फत. यकृत उपासात एफजीएफ-२१ हे संप्रेरक सोडतं आणि ते जास्त असलेले उंदीर उपासात टॉरपरकडे सहज झुकतात. इन्सुलिन खाली गेल्यामुळे हृदय साखर सोडून चरबी जाळायला लागतं. ग्राउंड स्क्विरलच्या हृदयात तर साखरेची वाट अडवणारं एन्झाइम हिवाळ्यात मुद्दाम वाढवलेलं असतं. गुंजन पक्ष्यांत, म्हणजे हमिंगबर्डमध्ये, कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं संप्रेरक वाढवलं तर रात्रीचं टॉरपर वाढतं असं दिसलं आहे. ताणाचं संप्रेरक आणि विसावा? हे विचित्र वाटेल. पण ज्या पक्ष्याच्या पोटात सकाळपर्यंत पुरेल इतकं इंधन नाही त्याच्यासाठी टॉरपर हा विसावा नाही, ती निकड आहे. यातलं एकही संप्रेरक थेट हृदयावर लगाम टाकत नाही. सगळी मेंदूला परिस्थिती कळवतात, पुढचं मेंदू आणि व्हेगस बघतात.

लेप्टिन ही एकमेव किल्ली आहे असंही समजू नका. ज्यांच्यात चरबीच जवळजवळ नाही असे उंदीर बाहेरून लेप्टिन देऊनही टॉरपरमध्ये जातच राहतात, हे १९९९ पासून माहीत आहे.

आता दुसरं खातं: हृदय हे सगळं सोसेल की नाही. इथे तासांचा नाही, आठवड्यांचा आणि ऋतूंचा हिशेब चालतो आणि संप्रेरकं खऱ्या अर्थाने पुढे येतात.

थायरॉइड घ्या. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कुणालाही माहीत असतं की थायरॉइड वाढलेल्या रुग्णाचं हृदय धडधडतं आणि कमी असलेल्याचं संथ चालतं. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक हृदयाच्या पेशींच्या केंद्रकात जाऊन बीटा-१ रिसेप्टर किती असावेत, स्वयंगतिकारक पेशींतले आयन-मार्ग किती असावेत, कॅल्शियम परत कोठारात ओढणारा पंप किती असावा हे ठरवतं. मात्र टॉरपरच्या बाबतीत रक्तातल्या आकड्यांपेक्षा मेंदूतले आकडे महत्त्वाचे निघाले. दिवस लहान झाले की जुंगेरियन हॅमस्टरच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भूक आणि तापमान सांभाळणाऱ्या भागात, टी-३ मोडणारं एन्झाइम वाढतं. तिथेच, अगदी थोडक्या जागेत, टी-३ सोडत राहिलं की हॅमस्टर टॉरपरमध्ये जाणं थांबवतो. बाकी शरीर हिवाळ्याच्या तयारीत असलं तरी मेंदूचा तो कोपरा उन्हाळा मानत असतो. दिवस लहान झाल्याची खबर तिथवर मेलाटोनिन पोचवतं. मेलाटोनिनचं काम एवढंच, ते त्या रात्रीचं टॉरपर घडवत नाही.

टेस्टोस्टेरोन हा सर्वांत कडक पहारेकरी. नर हॅमस्टरला टेस्टोस्टेरोनची कुपी त्वचेखाली बसवली की टॉरपर बंद. याला जैविक अर्थ आहे, कारण गारठलेल्या शरीरात शुक्रपेशी तयार होत नाहीत आणि वसंतात मादीच्या आधी तयार असणं नराला भाग असतं. मादी अस्वलांचीही गोष्ट थोडी अशीच आहे. गर्भ वाढत असेपर्यंत त्यांचं तापमान बऱ्यापैकी वर राहतं आणि पिल्लं झाल्यावर ते खाली येतं.

आता खुद्द हृदयाकडे. माणसाचं हृदय २८ अंशांखाली गेलं की निलय, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, नुसते थरथरू लागण्याचा, म्हणजे फिब्रिलेशनचा, धोका झपाट्याने वाढतो. खारीचं हृदय ५ अंशांवरही शांतपणे ठोके देतं. आर्क्टिक ग्राउंड स्क्विरलचं शरीर तर शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरल्याची १९८९ सालची नोंद आहे. फरक कशात आहे? मुख्यतः कॅल्शियमच्या व्यवहारात. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम येतं आणि ते परत गोळा करावं लागतं. थंडीत पंप मंदावतात, कॅल्शियम साचतं आणि पेशी भलत्या वेळी आकुंचन पावतात. शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात कॅल्शियम कोठारात ओढणारा पंप हिवाळ्याआधीच वाढवलेला असतो आणि बाहेरून पेशीत येणारा कॅल्शियमचा ओघ कमी केलेला असतो. जपानी संशोधक नोरिआकी कोंडो यांनी १९८४ साली चिपमंक खारीच्या हृदयात हेच दाखवलं. शीतनिद्रेत तिचं हृदय बाहेरच्या कॅल्शियमवर विसंबत नाही, कोठारातल्या साठ्यावर चालतं. शिवाय हॅमस्टरच्या हृदयपेशींना एकमेकींशी जोडणारी कनेक्झिन-४३ ही प्रथिनं वाढलेली आढळली आहेत, त्यामुळे विजेची लाट थंडीतही तुटत नाही.

कोंडो यांची पुढची वाट मला विशेष आवडते. हृदयातला हा बदल थंडीने होत नाही, ऋतूच्या आतल्या घड्याळाने होतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी रक्तात त्या घड्याळाचा निरोप शोधायला सुरुवात केली. १९९२ साली चिपमंकच्या रक्तात प्रथिनांचा एक गट सापडला. तो यकृतात बनतो, शीतनिद्रेच्या आधी रक्तात कमी होतो आणि शीतनिद्रेत मेंदूभोवतीच्या द्रवात वाढतो. २००६ साली त्यांच्या गटाने दाखवलं की मेंदूत या प्रथिनांना प्रतिपिंडांनी अडवलं तर शीतनिद्रेचा काळ घटतो. हृदयापासून निघालेला शोध यकृतातून मेंदूत पोचला.

‘रक्तात काहीतरी आहे’ ही कल्पना त्याआधीही गाजली होती. १९६९ साली डॉव आणि स्पुरियर या संशोधकांनी शीतनिद्रेतल्या ग्राउंड स्क्विरलचं रक्त उन्हाळ्यात जाग्या खारींना टोचलं आणि त्या भर उन्हाळ्यात शीतनिद्रेत गेल्याचं लिहिलं. पुढची कित्येक वर्षं लोक त्या एका रेणूच्या मागे होते. अफूसारख्या पदार्थांवर संशय गेला, बरीच रसायनं तपासली गेली, पण सगळ्यांच्या हाताला सारखाच निकाल देणारा रेणू काही मिळाला नाही. तुमच्या प्रश्नातलं ‘कोणतं संप्रेरक’ हे त्याच शोधाचं वारस आहे, म्हणून मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

संप्रेरक नसलेला, पण या कथेत टाळता न येणारा रेणू म्हणजे अडेनोसीन. पेशीचं इंधन खर्च झालं की तो मागे उरतो आणि हृदयावरच्या ए-१ रिसेप्टरला लागला की ठोके रोखतो. तातडीच्या विभागात एका प्रकारच्या अतिजलद हृदयगतीवर डॉक्टर अडेनोसीन शिरेतून झटक्यात देतात आणि रुग्णाचं हृदय काही सेकंद थबकतं. २००६ साली त्याच कुळातलं एएमपी टोचून उंदीर टॉरपरमध्ये नेल्याचा दावा आला आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी स्वोप यांच्या गटाने हृदयाची नोंद घेऊन तो खोडून काढला. एएमपी दिल्यावर पहिल्या काही क्षणांतच हृदयगती आणि रक्तदाब कोसळत होते. नैसर्गिक प्रवेशात हृदय टप्प्याटप्प्याने, थांबत-थबकत उतरतं. दोन्हींत तापमानाचा आलेख शेवटी सारखाच दिसतो, म्हणून ज्यांनी फक्त तापमान मोजलं ते फसले. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन आलेख नावं झाकून दाखवायचो आणि ओळखा म्हणायचो.

अडेनोसीनचं खरं काम मेंदूत आहे. ए-१ रिसेप्टर जागवणारं सीएचए नावाचं औषध आर्क्टिक ग्राउंड स्क्विरलच्या मेंदूत सोडलं तेव्हा ऐन हिवाळ्यात सहापैकी सहा खारी टॉरपरमध्ये गेल्या, हंगामाच्या सुरुवातीला सहापैकी दोन, आणि उन्हाळ्यात एकही नाही. मात्रा तीच, रेणू तोच, खारही तीच. वर जे ‘मुभा’ म्हटलं त्याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

रक्तदाबाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय उत्तर लंगडं राहील. हृदयातून निघणारं रक्त कित्येक पटींनी घटतं, तरी रक्तदाब त्या प्रमाणात पडत नाही. थंडीत रक्त दाट होतं, हा एक भाग. हातपाय, त्वचा, आतडी यांच्याकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात, हा दुसरा. दोन ठोक्यांमध्ये दहा सेकंदांचं अंतर असलं तरी धमन्यांतला दाब हळूहळू ओसरत राहतो आणि शून्यावर येण्याआधी पुढचा ठोका पडतो. उंदराच्या उथळ टॉरपरमध्ये हा आवळलेपणा तितका नसतो.

मग येते जाग, आणि इथे मात्र तुमचं ॲड्रेनलिन थाटात हजर होतं. शीतनिद्रा सलग नसते. दर एक ते तीन आठवड्यांनी प्राणी उबदार होतो, अर्धा-एक दिवस तसाच राहतो आणि पुन्हा थंड होतो. प्रत्येक वेळी दोन-तीन तासांत हृदय पाच ठोक्यांवरून तीनशेच्या पुढे नेलं जातं. नॉरॲड्रेनलिन एकाच वेळी तीन ठिकाणी तीन वेगळी कामं करतं. हृदयावर बीटा-१ मार्फत ठोके वाढवतं, तपकिरी चरबीत बीटा-३ मार्फत शेगडी पेटवतं आणि शरीराच्या मागच्या भागातल्या रक्तवाहिन्या अल्फा रिसेप्टरमार्फत बंद ठेवतं. त्यामुळे गरम झालेलं रक्त छाती, खांदे आणि डोकं एवढ्याच वाटेने फिरत राहतं. पुढचा भाग बराच तापलेला असताना मागचे पाय अजून गारच असतात, दोन्हींत दहा अंशांहूनही जास्त फरक पडू शकतो. जागी होणारी खार हातात घेतली तर तळव्याला हे थेट कळतं: पुढे ऊब, मागे बर्फ. पुढचा भाग तापल्यावरच मागच्या वाहिन्या सैलावतात आणि मग शेपटीकडचं तापमान झपाट्याने वर येतं. इथेही ठोके तापमानाच्या पुढे धावतात. एखाद्या नोंदीत हृदयगती आणि तापमान हातात हात घालून चढताना दिसले तर मी आधी मोजमापाचा वेग तपासतो, कारण दर दहा मिनिटांनी एक आकडा घेतला की हा क्रम पुसला जातो.

राहिला माणसाचा प्रश्न. २०२० साली दोन स्वतंत्र गटांनी उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात टॉरपरसारखी अवस्था सुरू करणाऱ्या चेतापेशी शोधल्या. त्यांपैकी जपानी गटाच्या पेशी क्यूआरएफपी नावाचं पेप्टाइड बनवतात. त्याच सुमारास आणखी एका गटाला तिथल्याच इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जागवून उंदीर टॉरपरमध्ये नेता आले. म्हणजे संप्रेरकांचे रिसेप्टर आणि लगाम धरणारा हात अगदी शेजारी-शेजारी राहतात. जपानी गटाने हे उंदरांपुरतं ठेवलं नाही. घुशीएवढा मोठा प्रयोगशाळेतला रॅट नैसर्गिकरीत्या टॉरपरमध्ये जात नाही, पण त्याच्यातही तीच अवस्था आणता आली.

तरीही सुई टोचून काम भागणार नाही, कारण सुई फार तर एकच खातं उघडेल. मेंदूने हुकूम दिला तरी कॅल्शियमचे पंप वाढलेले नाहीत, पेशींचे जोड मजबूत केलेले नाहीत, असं उन्हाळी हृदय त्या हुकमाखाली किती अंशांपर्यंत टिकेल हा खरा प्रश्न आहे. नॉर्वेत १९९९ साली बर्फाखाली अडकलेली एक तरुण डॉक्टर १३.७ अंशांपर्यंत थंड होऊनही वाचली, हे उदाहरण लोक नेहमी देतात. पण तिचं हृदय त्या वेळी बंद पडलेलं होतं. ते यंत्राच्या मदतीने तापवून पुन्हा सुरू करावं लागलं.

याच्या उलट टोकाला इटलीतल्या बोलोन्याचा २०१३ सालचा प्रयोग आहे. तिथे रॅटच्या मेंदूच्या तळातलं राफे पॅलिडस हे छोटंसं केंद्र सहा तास शांत ठेवलं. याच केंद्रातून तपकिरी चरबीला आणि हृदयाला अनुकंपी हुकूम जातात. अंधाऱ्या थंड खोलीत त्या रॅटचं शरीर २३ अंशांच्या आसपास आलं, ठोके मंदावले आणि नंतर ते पूर्ववत जागे झाले. त्यांचं हृदय कुठल्याही ऋतूने तयार केलेलं नव्हतं.